व्हिडिओ गेमची किंमत आणि तिचे वाटेकरी

(अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



कृषी पणन हा माझ्या अभ्यासाचा विषय. ग्राहकाने कांद्यासाठी मोजलेल्या रुपयातील किती पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात आणि अडत, हमाली, तोलाई व किरकोळ विक्रेत्याचा नफा यांत किती जातात, या हिशेबात माझी उमेदीची वर्षे गेली. त्यामुळे आज मी व्हिडिओ गेमवर बोलणार हे ऐकून काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटले, ते मी पाहिले आहे. परंतु प्रश्न तोच आहे, केवळ माल बदलला आहे. आणि मालातील एक फरक महत्त्वाचा आहे. कांद्याच्या प्रत्येक क्विंटलला नव्याने खर्च येतो. खेळ एकदा तयार झाला की त्याच्या पुढच्या प्रतीचा खर्च नगण्य असतो. म्हणजे ग्राहकाने दिलेली जवळजवळ सर्व रक्कम हा वाटाघाटीचा विषय ठरतो. सौदाशक्तीचा अभ्यास करण्यास यापेक्षा स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

२००५ च्या अखेरीस एक्सबॉक्स ३६० आणि पुढील वर्षी प्लेस्टेशन ३ हे कन्सोल बाजारात आले, तेव्हा अमेरिकेत मोठ्या खेळाची किंमत ६० डॉलरवर स्थिरावली. त्या काळातील ढोबळ अंदाजांनुसार यातील १२ ते १५ डॉलर दुकानदाराकडे राहत. सुमारे ७ डॉलर कन्सोल बनविणाऱ्या कंपनीला स्वामित्वशुल्क म्हणून जात. तबकडी, वेष्टन आणि वाहतूक यांवर ४ डॉलरच्या आसपास खर्च होई. न विकलेला माल परत घेणे व किंमत उतरल्यास दुकानदाराला फरक भरून देणे यासाठी आणखी काही डॉलर बाजूला ठेवावे लागत. उरलेले २७ डॉलरच्या आसपास प्रकाशकाचे, आणि निर्मिती व जाहिरातीचा खर्च त्यातूनच निघायचा.

न विकलेल्या मालाचा भार प्रकाशकावर का, असे आपण विचाराल. याचे मूळ १९८३ मध्ये आहे. त्या वर्षी अमेरिकेतील व्हिडिओ गेमची बाजारपेठ कोसळली, दुकाने पडून राहिलेल्या कार्ट्रिजनी भरली आणि दुकानदारांनी या मालाकडे पाठ फिरवली. १९८५ मध्ये निन्टेन्डो कंपनी तेथे उतरली ती कुलूप घेऊनच. तिच्या यंत्रातील विशिष्ट चिप परवाना नसलेला खेळ चालूच देत नसे. कार्ट्रिज निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायची, पैसे आगाऊ भरायचे आणि एका प्रकाशकाने वर्षाला साधारण पाच खेळच काढायचे, अशा अटी होत्या. जोखीम प्रकाशकाची आणि शुल्क दाराशी बसलेल्याचे, ही रचना तेथून रूढ झाली. १९९४ मध्ये सोनीने प्लेस्टेशनद्वारे स्वस्त सीडीचा पर्याय दिल्यामुळे प्रतीचा खर्च उतरला. दाराचे शुल्क मात्र राहिले.

आता दुकानदाराकडे वळू. एक पंचमांश वाटा ऐकायला बरा वाटतो. परंतु त्यातून गाळ्याचे भाडे, नोकरांचे पगार आणि वीज भागवल्यावर फारसे उरत नसे. त्याची खरी कमाई जुन्या तबकड्यांवर होती. गेमस्टॉप या अमेरिकी साखळीचे २००८ व २००९ या वर्षांचे हिशेब पाहावेत. नव्या खेळांवर ढोबळ नफा विक्रीच्या सुमारे २१ टक्के, तर जुन्या मालावर ४५ टक्क्यांहून अधिक. विक्रीत जुन्या मालाचा वाटा जेमतेम एक चतुर्थांश होता, ढोबळ नफ्यात मात्र तो ४० टक्क्यांच्या वर गेला होता. आमच्या घराजवळच्या एका दुकानातही हेच गणित चाले. माझा मुलगा खेळून झालेली तबकडी तेथे देई आणि वरचे पैसे भरून दुसरी आणी. त्याने दिलेली तबकडी दोन दिवसांनी जवळजवळ दुप्पट किमतीला काचेच्या कपाटात दिसे, याचा त्याला राग येई. मला त्यात बाजार दिसे.

या जुन्या मालाच्या विक्रीतून प्रकाशकाला एक पैसाही मिळत नसे. अमेरिकी कायद्यात १९०८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयापासून ‘प्रथम विक्री’चे तत्त्व मान्य आहे. एकदा प्रत विकली की ती पुढे कोणाला विकायची, हा खरेदीदाराचा अधिकार. प्रकाशकांनी यास दरोड्याचे रूप दिले, ते मला कधीच पटले नाही. जुनी तबकडी विकता येते या भरवशावरच अनेकजण नवी घेतात, आणि विकून आलेले पैसेही बहुधा नव्या खेळातच जातात. तरीही २०१० मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सने जुनी तबकडी घेणाऱ्याला इंटरनेटवरील खेळासाठी वेगळे पैसे भरायला लावणारा ‘ऑनलाइन पास’ आणला. २०१३ मध्ये तो मागे घेतला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनवर जुन्या खेळांबाबत निर्बंध जाहीर केले आणि ग्राहकांच्या संतापामुळे काही आठवड्यांतच ते रद्द केले.

जे अटींनी साधले नाही, ते तंत्रज्ञानाने साधले. वाल्व्ह कंपनीचे स्टीम हे संगणकावरील खेळांचे इंटरनेट-दुकान २००३ मध्ये सुरू झाले. अशा दुकानांत गाळा नाही, साठा नाही, परत येणारा माल नाही, आणि तरीही मोबदल्याचा रूढ दर ३० टक्के झाला. म्हणजे भिंतींच्या दुकानापेक्षा अधिक! सर्व्हर, पैशांची देवघेव, परतावे यांचा खर्च दुकान करते हे खरे. परंतु ३० टक्क्यांचे समर्थन त्या खर्चातून होत नाही. ग्राहक जेथे आधीच जमला आहे त्या दाराचे ते भाडे आहे. शिवाय येथे ग्राहक प्रत विकत घेत नाही, वापराचा परवाना घेतो; त्यामुळे पुनर्विक्रीचा हक्क संपतो. फ्रान्समधील एका ग्राहक संघटनेच्या दाव्यात पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये हा हक्क मान्य केला होता, पण अपील न्यायालयाने २०२२ मध्ये तो निर्णय फिरवला.

दर कोणासाठी खाली आले, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल. नोव्हेंबर २०१८ मध्ये स्टीमने १ कोटी डॉलरवरील उत्पन्नासाठी आपला वाटा २५ टक्के आणि ५ कोटी डॉलरवरील उत्पन्नासाठी २० टक्के केला. म्हणजे जो मोठा त्याला सवलत. आयकराच्या टप्प्यांची ही उलटी शिडी झाली. कारण उघड आहे. मोठे प्रकाशक स्वतःचे दुकान थाटू शकतात, लहान निर्माता जाणार कोठे? पुढच्याच महिन्यात एपिक गेम्सने केवळ १२ टक्क्यांवर आपले दुकान उघडले, पण बहुसंख्य ग्राहक जुन्या दाराशीच राहिले. मोबाइलच्या बाजारात मात्र न्यायालये आणि नियामकांचा रेटा आल्यावर सवलत लहानांच्या बाजूने आली. ॲपलने २०२१ पासून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत कमाई असणाऱ्यांसाठी दर १५ टक्के केला आणि गूगलनेही त्याच वर्षी पहिल्या १० लाख डॉलरवर तोच दर लावला. माझ्या मते हाच क्रम अधिक न्याय्य आहे.

आपल्याकडील निर्मात्यांना हे आकडे दूरचे नाहीत. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये जगभरच्या दुकानांत पोहोचला. त्यापूर्वी २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न अयशस्वी झाला होता. अशा लहान चमूंसाठी एक काल्पनिक हिशेब मांडतो. भारतीय ग्राहकाने खेळासाठी ११८० रुपये दिले. १८ टक्के दराने १८० रुपये वस्तू व सेवा कराचे. उरलेल्या १००० मधून ३०० दुकानाचे. ७०० रुपये प्रकाशकाकडे आले आणि करार निम्म्या वाट्याचा असेल, तर निर्मात्याचे ३५०. कांद्याच्या शेतकऱ्याला हा आकडा ओळखीचा वाटावा. परंतु हे ३५०ही लगेच मिळत नाहीत. प्रकाशकाने निर्मितीसाठी दिलेली उचल बहुतेक करारांत निर्मात्याच्याच वाट्यातून आधी वळती होते. समजा उचल ७० लाख रुपये असेल, तर २०,००० प्रती विकल्या जाईपर्यंत निर्मात्याच्या हाती नवा रुपया येत नाही. प्रकाशकाच्या वाट्याचे ७० लाख मात्र तोवर जमा झालेले असतात. म्हणून माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या तरुणांना मी टक्केवारीच्या आधी वसुलीचे कलम वाचायला सांगतो.

आपल्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्ले स्टोअरवरील देयक-पद्धतीच्या सक्तीबद्दल गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२५ मध्ये तो २१६.६९ कोटींवर आणला. दंडाच्या रकमेची चर्चा वृत्तपत्रांत पुष्कळ झाली. आमच्या दृष्टीने त्या आदेशातील महत्त्वाचा भाग हा की, निर्मात्याला पैसे स्वीकारण्याचा दुसरा मार्ग वापरण्यास मज्जाव करता येणार नाही, असे आयोगाने बजावले. मात्र दुसरा मार्ग वापरला तरी गूगल सेवाशुल्क आकारतच राहिले आणि ते पूर्वीपेक्षा केवळ चार टक्क्यांनी कमी होते. त्या चार टक्क्यांत बाहेरच्या देयक-सेवेचा खर्च निर्मात्याला भागवता येतो का, हे गणित आपण घरी मांडून आणावे. पुढच्या तासाला तेथूनच सुरुवात करू.