चित्र गेले, कथा मागे राहिली

(शिर्डी येथे झालेल्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचे शब्दांकन)



पाश्चात्त्य पॉप संगीताच्या अल्बमची मुखपृष्ठे हा विषय शिर्डीसारख्या तीर्थक्षेत्री मांडावयाचा, हे आपल्यापैकी काहींना औचित्यास सोडून वाटेल. परंतु समाधिमंदिरातून बाहेर पडल्यावर दुतर्फा असलेल्या दुकानांकडे क्षणभर पाहावे. तसबिरी, लॉकेटे, दिनदर्शिका, भजनांच्या सीडी, किल्ल्यांच्या साखळ्या या साऱ्यांवर एकच मुद्रा आहे. बाळाजी वसंत तालीम यांनी घडविलेली आणि १९५४ साली समाधिमंदिरात प्रतिष्ठापिलेली संगमरवरी मूर्ती गाभाऱ्यात स्थिर आहे. तिची प्रतिबिंबे मात्र देशोदेशी फिरत आहेत. ती कोणाच्या हाती पडतात आणि तेथे त्यांचे काय होते, हा प्रश्न विचारण्यास शिर्डीहून योग्य स्थान दुसरे नाही.

आरंभी थोडी पार्श्वभूमी सांगतो. ग्रामोफोनच्या पहिल्या काळात तबकडी साध्या कागदी पाकिटात मिळत असे. १९४८ नंतर लाँग प्ले ध्वनिमुद्रिका आल्या आणि त्यांच्यासोबत बारा इंच लांबी-रुंदीचा एक कोरा चौकोन चित्रकारांच्या हाती आला. १९६० च्या दशकात तर हे मुखपृष्ठ तरुण पिढीच्या घराघरातील भिंतीवरचे चित्र झाले. तो काळ पश्चिमेच्या मनातील अस्वस्थतेचा होता. युद्धाने, यंत्राने आणि उपभोगाने थकलेला तरुण पूर्वेकडे पाहू लागला होता. आपली दैवते त्या चौकोनात शिरली ती याच वाटेने.

१९६७ हे वर्ष त्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी बीटल्स या इंग्रज वाद्यवृंदाचा 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' हा अल्बम प्रसिद्ध झाला. पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी रचलेले त्याचे मुखपृष्ठ जगातील सर्वांत गाजलेल्या मुखपृष्ठांपैकी एक मानले जाते. त्या गर्दीच्या चित्रात चार भारतीय योगी आहेत. महावतार बाबाजी, काशीचे लाहिरी महाशय, श्रीयुक्तेश्वर गिरी आणि परमहंस योगानंद अशी ही गुरुपरंपराच तेथे उभी आहे. त्यांचा समावेश जॉर्ज हॅरिसन यांच्या आग्रहाने झाला. पुढच्या बाजूस फुलांच्या रचनेजवळ लक्ष्मीची एक छोटी मूर्तीही ठेवलेली दिसते.

याच चित्रात महात्मा गांधींचीही प्रतिमा होती. ती प्रसिद्धीपूर्वी काढून टाकण्यात आली. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या ईएमआय कंपनीचे प्रमुख सर जोसेफ लॉकवूड यांना भीती वाटली की, भारतात लोक दुखावतील. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, आपल्या घराघरांत 'एचएमव्ही' या नावाने पोचलेली ग्रामोफोन कंपनी ईएमआयचीच होती आणि कोलकात्याजवळ दमदम येथे तिचा कारखाना होता. भारत ही त्यांची बाजारपेठ होती. ज्याच्याकडे बाजार आहे त्याच्या भावनेची चिंता वाहिली जाते, हा व्यवहार आपण नीट ध्यानात ठेवावा. मात्र त्यात आनंद मानण्यासारखे फारसे काही नाही. कारण ही चिंता आदरातून आलेली नव्हती, हिशेबातून आली होती.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात जिमी हेंड्रिक्स या विलक्षण प्रतिभेच्या अमेरिकन गिटारवादकाचा 'ॲक्सिस : बोल्ड ॲज लव्ह' हा अल्बम इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे मुखपृष्ठ पाहिले की आपण थबकतो. ते श्रीविष्णूच्या विराट रूपाचे चित्र आहे. आपल्याकडे हजारोंच्या संख्येने छापले जाणारे एक धार्मिक भित्तिचित्र घेऊन त्याच्या मध्यभागी हेंड्रिक्स आणि त्याचे दोन सहकारी यांचे चेहरे रंगविण्यात आले. आणि गंमत अशी की, स्वतः हेंड्रिक्सलाही हे रुचले नव्हते. या चित्राशी आम्हा तिघांचा काही संबंध नाही, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांशी असलेल्या माझ्या नात्याचे काही सूचन असते तर ते अधिक शोभले असते, अशा अर्थाचे उद्गार त्याने काढले होते. तिकडे त्या मूळ रहिवाशांनाही 'इंडियन' म्हणतात. एका शब्दाच्या दोन अर्थांमध्ये विराट पुरुष सापडला!

श्रीमद्भगवद्गीतेचा अकरावा अध्याय आपण स्मरावा. विश्वरूप पाहण्यासाठी भगवंतांनी अर्जुनाला आधी दिव्य दृष्टी दिली. तरीही तो भयभीत झाला, त्याचे अंग रोमांचित झाले आणि अखेरीस त्याने पूर्वीच्या सौम्य रूपाची याचना केली. ज्ञानेश्वर माउलींनी या प्रसंगावर केवढा विस्तार केला आहे, हे आपण जाणता. लंडनच्या चित्रशाळेत ते चित्र पोचले, तेव्हा ही दिव्य दृष्टी, हे भय, ही याचना यांतील काहीच त्याच्यासोबत गेले नव्हते. गेले होते ते अनेक मुखे, अनेक हात आणि झगझगीत रंग. जो तेवढेच पाहील, त्याला ती एक नवलाईची नक्षीच वाटणार. पुढे २०१४ साली मलेशियाच्या गृह मंत्रालयाने हिंदूंच्या भावनांचे कारण देऊन या मुखपृष्ठावर बंदी घातली. मधे जवळजवळ अर्धे शतक लोटले होते आणि हेंड्रिक्सला जाऊन चव्वेचाळीस वर्षे झाली होती.

आता याच्या अगदी उलट उदाहरण घेऊ. जॉर्ज हॅरिसन यांनी १९७३ साली 'लिव्हिंग इन द मटेरियल वर्ल्ड' हा अल्बम काढला. त्याच्या सजावटीत श्रीकृष्ण आणि अर्जुन रथारूढ असल्याचे गीतेवरील चित्र आहे. येथेही दैवताचे चित्र आहे, येथेही विक्री आहे. तथापि कोणा हिंदूला त्यात अवमान दिसला नाही. याचे कारण त्या माणसाच्या आचरणात आहे. पंडित रविशंकरांपाशी बसून त्यांनी सतार शिकली. योगानंदांचे आत्मचरित्र वाचले. श्रील प्रभुपादांच्या श्रीकृष्णचरित्राच्या प्रकाशनासाठी पैसा दिला आणि त्याला प्रस्तावना लिहिली. याच १९७३ साली इंग्लंडमधील एक मोठी वास्तू त्यांनी कृष्णभक्तांना दिली. आज ती 'भक्तिवेदान्त मॅनर' म्हणून ओळखली जाते. चित्र घेण्यापूर्वी त्यांनी कथा घेतली होती, आणि कथेबरोबर येणारी बांधिलकीही स्वीकारली होती.

यानंतरची घटना १९९७ ची आहे. एरोस्मिथ हा अमेरिकन रॉक संगीताचा मोठा वाद्यवृंद. मांजराला नऊ जन्म असतात अशी इंग्रजीत समजूत आहे. तीवरून त्यांच्या अल्बमचे नाव होते 'नाईन लाइव्ह्ज'. मुखपृष्ठाची रचना स्टीफन सागमाइस्टर या नामवंत चित्ररचनाकाराची होती. चित्र कालियामर्दनाचे होते. नागाच्या फणांवर नाचणारी आकृती तीच, मुद्रा तीच. परंतु मस्तक मांजराचे आणि छाती स्त्रीची. अमेरिकेतील हिंदू समाजात संतापाची लाट उसळली. विश्व हिंदू परिषद ऑफ अमेरिकेच्या पुढाकाराने त्याच वर्षी 'अमेरिकन हिंदूज अगेन्स्ट डिफमेशन' हे व्यासपीठ उभे राहिले आणि त्याचे पहिलेच आंदोलन हे होते. सनदशीर मार्गाने निषेध नोंदविण्यात आला. सोनी म्युझिकने क्षमा मागितली, मुखपृष्ठ बदलले, आणि पुढच्या प्रतींवर सर्कशीच्या चक्राला बांधलेले मांजर आले. परदेशात अल्पसंख्य असलेल्या समाजाने एका बलाढ्य कंपनीला दगड न उचलता नमविले, ही अभिमानाचीच गोष्ट आहे.

पण सज्जनहो, येथेच थांबलो तर आपण अर्धेच पाहिले असे होईल. ते मूळ चित्र कोठून आले होते? ते भक्तिवेदान्त बुक ट्रस्टच्या ग्रंथपरंपरेतील होते. ज्या पुस्तकांनी श्रीकृष्णाची कथा सातासमुद्रापार नेली, त्याच पुस्तकांच्या चित्रपरंपरेतून हे रूप उचलले गेले. मूळ चित्राची आपल्याला कल्पना नव्हती, असे वाद्यवृंदाकडून सांगण्यात आले. हे खरे मानले, तर ते अधिकच चिंतेचे आहे. अपमान करण्याचा हेतू असलेला माणूस निदान जाणतो की, समोर काही पूज्य आहे. येथे तर काही पूज्य आहे हेच कोणाच्या ध्यानी आले नाही. यमुनेचे पाणी विषारी झाले होते, गोकुळ व्याकूळ होते, बाळकृष्णाने फणांवर नाचून तो अहंकार उतरविला आणि नागपत्नींच्या विनवणीवरून कालियाला जीवदान दिले. यातले एक अक्षरही त्या चित्रासोबत गेले नाही. चित्र गेले, कथा मागे राहिली.

आपल्या महाराष्ट्राच्या मातीतच याला उत्तर सापडते. राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. ज्यांना मंदिरप्रवेश नव्हता, त्यांच्याही घरी या छापील चित्रांनी देव पोचविले. याच छापखान्यात काही काळ काम केलेल्या त्र्यंबकेश्वरच्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१९ साली 'कालिया मर्दन' हा चित्रपट काढला. त्यात श्रीकृष्ण झाली होती त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी. चित्रपटाच्या आरंभी फाळक्यांनी तिचा स्वतःचा चेहरा प्रेक्षकांना दाखविला आणि मग त्याच चेहऱ्याचे श्रीकृष्णाच्या रूपात परिवर्तन होताना दाखविले. ही मुलगी आहे, आणि आता ती देवाचे सोंग घेते आहे, हे नटाचे प्रामाणिक निवेदन त्यात आहे. दैवताचे रूप घेण्यापूर्वी उंबऱ्यावर चप्पल काढावी, तसा हा संस्कार आहे. तोच कालिया आणि तोच कृष्ण. १९१९ च्या नाशिकला जे उमगले होते, ते १९९७ च्या न्यूयॉर्कला उमगले नाही. यात प्रतिभेची उणीव नव्हती. उणीव होती ती संस्काराची.

परंतु न्यूयॉर्ककडे बोट दाखविताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात. भक्तिसंगीताच्या कॅसेटांचा काळ आठवा. वेष्टनावर मध्यभागी गायकाचे हसरे छायाचित्र आणि कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढा देव, असे नमुने आपण विकत घेतले, प्रवासात वाजविले आणि फीत तुटल्यावर केरात टाकले. उदबत्तीचे पुडे, लग्नपत्रिका, फटाक्यांची खोकी, यांवरच्या लक्ष्मी-गणपतींचे सण संपल्यावर काय होते, हे सांगावयास नको. आता तर गाणे भ्रमणध्वनीवर आले आहे आणि मुखपृष्ठ नखाएवढे झाले आहे. बोटाच्या एका सरकण्याने देव पडद्याबाहेर जातो. परक्याने केलेली विटंबना आपल्याला दिसते, आपली स्वतःची सवय झालेली असते.

याच शिर्डीच्या परंपरेतील एक कथा येथे सांगितली पाहिजे. 'श्रीसाईसच्चरिता'चे कर्ते गोविंद रघुनाथ दाभोळकर म्हणजे हेमाडपंत यांना १९१७ साली होळी पौर्णिमेच्या पहाटे स्वप्न पडले. आज तुझ्याकडे भोजनास येईन, असे बाबा म्हणाले. वांद्र्याच्या घरी एक पान अधिक मांडले गेले. पाहुणा येईना. मंडळी जेवावयास बसणार तोच दोन मुसलमान गृहस्थ दारी आले आणि त्यांनी हेमाडपंतांच्या हाती बाबांची तसबीर ठेवली. ती त्या रिकाम्या पाटावर विराजमान झाली, तिला नैवेद्य झाला, आणि मगच घर जेवले. ती तसबीर मुंबईच्या रस्त्यावर एका फेरीवाल्याकडून विकत घेतलेली होती. बाजारातून आलेली वस्तू होती ती; पण जिथे ती पोचली, तिथे तिच्यासाठी पान मांडलेले होते.

आपले कर्तव्य या कथेत सामावलेले आहे. बाजार थांबविणे आपल्या हाती नाही आणि तशी आवश्यकताही नाही. बाजार नसता तर ती तसबीर वांद्र्यास पोचलीच नसती. आपल्या हाती आहे ते पान मांडणे. त्यासाठी तीन गोष्टी सुचवितो. पहिली, निषेध अवश्य करावा, पण तो संयमाने करावा, आणि ज्या रूपाच्या अवमानाबद्दल आपण बोलतो त्याची कथा समोरच्याला दोन वाक्यांत सांगता यावी. ज्याला कालियामर्दनाचा अर्थ सांगता येत नाही, त्याचा संताप केवळ आवाज ठरतो. दुसरी, आपल्या घरात, दुकानात, उत्सवात देवाचे चित्र कोठे छापावे आणि कोठे छापू नये, याचा विवेक आपणच प्रथम पाळावा. तिसरी, आपल्यातील जे तरुण आज चित्ररचना शिकत आहेत, त्यांना मूर्तिशास्त्र आणि पुराणकथा यांचा परिचय करून द्यावा. उद्याचे मुखपृष्ठ जगात कोठेही तयार होवो, ते करणाऱ्यांच्या खोलीत कथा जाणणारा एखादा तरी बसलेला असावा.

आपली चित्रे जगात जाणारच आहेत. त्यांच्यासोबत कथा पाठविण्याचे काम दुसरे कोणी करणार नाही. ते आपल्यालाच करावयाचे आहे, आणि त्याचा आरंभ घरातल्या लहान मुलाला तसबिरीसमोर बसवून ही गोष्ट सांगण्याने होतो.