वॉरंटला जिल्ह्याची वेस नसते



समजा, तुम्ही राहता डोंबिवलीत.
चेक न वटल्याचा खटला मात्र नाशिकच्या कोर्टात.
दोन तारखा चुकल्या, आणि वॉरंट निघालं.

‘नाशिकचं वॉरंट इकडे चालत नाही हो!’
लोकलमध्ये कुणीतरी हे सांगतंच.

चालतं.
देशभर चालतं.

नाशिकचं कोर्ट ते ठाणे पोलीस आयुक्तांकडे पाठवू शकतं.
अटक झाली, तर आधी इथल्याच कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे किंवा आयुक्तांपुढे नेतात.
वॉरंट जामीनपात्र असेल, तर जामीन इथेच देता येतो.

आणि हो, वॉरंट शिळं होत नाही.
बजावलं जाईपर्यंत, किंवा त्याच कोर्टानं रद्द करेपर्यंत, ते जिवंत असतं.

तेव्हा वकिलांना गाठा.
नाशिकच्या त्याच कोर्टात वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या.
येताना पुढची तारीख तेवढी लिहून आणा.