देवडीवर अडलेली हाक

मुरगूडच्या एका शाळेतील गुरुजींचा परवा निरोप आला. "सर, रुपयाचं चिन्ह उमटेनासं झालंय. दाबावं तर गणकयंत्राची चौकट उघडतीय!" दुरुस्तीवाला म्हणे संगणक पुसून पुन्हा भरायच्या तयारीत होता. आणि त्यात शाळेचे तीन वर्षांचे जमाखर्च! मी तसाच उठून गेलो.

संगणकावर कळांच्या हाका दोन तऱ्हेच्या असतात. कंट्रोल आणि एस दाबले की समोर उघडा असलेला कार्यक्रमच तेवढा ती हाक ऐकतो. घरातल्या घरात मारलेली हाक म्हणा ना. दुसरी वाड्याच्या देवडीवर अडते. तुम्ही कोणत्याही खोलीत असा, पहारेकरी ती आधी झेलतो आणि नेमलेल्या माणसाला उठवतो. खोलीतल्यांच्या कानी ती जातच नाही. विंडोजमध्ये एखाद्या प्रोग्रॅमच्या शॉर्टकटला अशी कळ नेमता येते. प्रोग्रॅम आधीच उघडा असेल तर बहुधा तोच पुढे येतो, दुसरा उघडत नाही.

आता घोटाळा पाहा. रुपयाचे चिन्ह सरकारने २०१० साली स्वीकारले. विंडोजच्या भारतीय इंग्रजी कळफलकावर ते कंट्रोल, ऑल्ट आणि चार यांनी उमटते. नेमक्या याच तीन कळा कोणा हुशार विद्यार्थ्याने गणकयंत्राला देऊन टाकल्या होत्या! मग तक्त्यापर्यंत रुपया पोचणार कसा? बिघाड कसलाच नव्हता. (पोराला रागावू नका, असे मी गुरुजींना बजावले.)

शॉर्टकटवर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीज उघडले, 'शॉर्टकट की'च्या रकान्यात बॅकस्पेस दाबले, ओके केले. रुपया उमटला. गणकयंत्राला कंट्रोल, ऑल्ट आणि एफ सात दिले. त्यांनी कोणतेही अक्षर उमटत नाही.

एकच कळ दोन प्रोग्रॅमनी मागितली तर? विंडोजमध्ये आधी नोंद करील त्याची ती होते, दुसऱ्याला नकार मिळतो. आणि पुष्कळदा तो प्रोग्रॅम नकाराबद्दल अवाक्षर काढत नाही, हे मला तरी पटत नाही. लिनक्सच्या वेलँड या नव्या पद्धतीत प्रोग्रॅमला परस्पर देवडी अडवता येत नाही. तिथे डेस्कटॉपची व्यवस्थाच ठरवते.

निघताना तो विद्यार्थी हळूच म्हणाला, "सर, घरी शॉर्टकट फोल्डरात टाकला, तवापासनं कळ चालंना." बरोबरच आहे. पहारेकरी डेस्कटॉपवरचे आणि स्टार्ट मेनूतले शॉर्टकटच ओळखतो. तिथून तो हलवला की हाकेला ओ मिळत नाही.