गावच्या दप्तराचे कपाट

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विकासाच्या चर्चेत रस्ते, पाणी, वीज यांचा उल्लेख होतो. कपाटाचा क्वचितच होतो. तथापि गावाची स्मृती कागदांत असते आणि ते कागद कोठेतरी जपावे लागतात. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामाच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळांच्या जुन्या नोंदवह्यांचे आणि जन्म-मृत्यूच्या नोंदींचे मोल साऱ्या राज्याला उमगले. संगणकावर नोंद चढली, तरी ताडून पाहण्यास मूळ वहीच लागते. वाळवी आणि ओल मात्र कोणाच्या हक्काचा कागद आहे, हे पाहत नाहीत.

या वह्यांसाठी पक्के लाकडी कपाट गावातील सुतार करवत, रंधा, पटाशी, गुण्या अशा साध्या हत्यारांनी घडवू शकतो. परंतु काम सांगणाऱ्यालाही काय मागावे, हे ठाऊक असले पाहिजे. तेवढ्यापुरत्या काही गोष्टी आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम मापे. कपाटाचे माप भिंतीवरून ठरवण्याआधी सर्वांत मोठी नोंदवही मोजावी आणि खणाची उंची व खोली तीवरून ठरवावी. दप्तर वजनदार असते. फळी तीच आणि वजन तेच ठेवून टेकूंमधील अंतर दुप्पट केले, तर फळीचा वाक सुमारे आठपट होतो. म्हणून ९० सेंटिमीटर रुंदीच्या कपाटात मधोमध उभी फळी घालून दोन भाग करावेत.

दुसरी गोष्ट लाकडाची. सागाच्या गाभ्याचे गडद लाकूड वाळवीला सहसा दाद देत नाही; सालीलगतच्या पांढरट लाकडाला तो गुण नसतो. म्हणून नुसते ‘सागवान’ असे लिहून भागत नाही, ‘गाभ्याचे’ हा शब्द मागणीपत्रात हवा. लाकूड वाळलेलेही हवे. एक तुकडा दर आठवड्यास तोलावा. त्याचे वजन घटण्याचे थांबले की ते त्या हवेपुरते वाळले असे समजावे.

वाळलेले लाकूडही पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. हा फरक रुंदीत पडतो, लांबीत जवळजवळ नाही. म्हणूनच जुने जाणते कारागीर दार एकाच रुंद फळीचे करीत नसत. चार पट्ट्यांची चौकट करून तिच्या आतील खाचेत फळी सैल बसवीत. ती खिळ्यांनी वा सरसाने जखडली, तर उन्हाळ्यात तडकते. सैल राहिली, तर खाचेतल्या खाचेत सरकते आणि दाराचे माप बिघडत नाही.

चौकटीचे कोपरे कुसू आणि भोक यांच्या सांध्याने जोडावेत. कुसवाची जाडी लाकडाच्या जाडीच्या सुमारे एकतृतीयांश असावी. म्हणजे ३० मिलिमीटर जाडीच्या पट्टीस १० मिलिमीटरचे कुसू. सांधा पक्का करण्यापूर्वी दोन्ही कर्ण मोजावेत. उंची १८० व रुंदी ९० सेंटिमीटर असल्यास प्रत्येक कर्ण सुमारे २०१ सेंटिमीटर भरेल. कर्णांत फरक आला, तर चौकट तिरकी आहे. ती त्याच वेळी सरळ करता येते, सांधा वाळल्यावर नाही.

तेल किंवा पॉलिश आतूनही द्यावे. एकच बाजू रंगवली, तर दोन्ही बाजूंनी ओल सारखी शोषली जात नाही आणि फळी वाकते. कपाट पायांवर उभे करावे, पायांखाली दगड ठेवावा व भिंतीपासून अंतर राखावे. वाळवी मातीच्या नळ्या बांधत वर चढते. खालची व मागची बाजू मोकळी असली, तर झाडणाऱ्याच्या नजरेस ती नळी वेळीच पडते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून हस्तोद्योगाद्वारे शिक्षणाचा विचार पुढे आला. शाळेसाठी कपाट घडत असेल, तर मुलांना तेथे न्यावे आणि कर्ण त्यांच्याकडून मोजून घ्यावेत. पायथागोरसचा सिद्धांत फळ्यावर समजतो. तो सुताराच्या ओट्यावर कशासाठी लागतो, हेही त्यांना दिसेल.

पंचायत सदस्यांना एवढेच सांगणे आहे की, दर मागवताना या अटी लेखी घालाव्यात. अटी नसतील, तर सर्वांत कमी दराचे कपाट पदरी पडते आणि मन लावून काम करणारा कारागीर मागे राहतो. अटी स्पष्ट असतील, तर त्याच्या कसबाला योग्य दाम मिळेल आणि गावाच्या नोंदी पुढील पिढीच्या हाती सुखरूप जातील.