हिशेबाची शाळा
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या सभेंत पैशाचें बोलणें कित्येकांस प्रशस्त वाटणार नाहीं. मघाशीं एका आजोबांनीं आम्हांस विचारलेंच कीं, देवळाच्या पन्नाशीला व्याजाचा हिशेब कशाला? त्यांस आमचें उत्तर असें कीं, त्यांनीं घरीं जाऊन लेवीय पुस्तकाचा पंचविसावा अध्याय काढून पाहावा. पन्नासाव्या वर्षीं रणशिंग फुंकावें, गरिबीपायीं विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी, पोटासाठीं ज्यानें स्वतःस विकलें त्यास मोकळें करावें, आणि हात आंखडलेल्या बंधूपासून व्याज घेऊं नये, हें सारें त्या एकाच अध्यायांत आहे. ज्युबिली म्हणजे मंडप, पताका आणि बँड, ही समजूत फार अलीकडची होय.

आम्ही, म्हणजे या धर्मग्रामांतील गरजूंस मदत पोंचविणारी मंडळी, आज जें सांगणार आहों, तें आमच्याच अज्ञानाची हकीकत आहे. एका विधवा भगिनीस आम्ही चार वर्षें दरमहा दीड हजार रुपये देत होतों. आमचें वहीखातें चोख होतें. पैचीहि चूक नव्हती. तथापि त्या घराची स्थिति सुधारेना. अखेर आमच्यापैकीं दोघी एका संध्याकाळीं त्यांच्या ओटीवर कागद पेन्सिल घेऊन बसल्या, तेव्हां उलगडा झाला. थोरल्या मुलीच्या लग्नासाठीं बाईंनीं पन्नास हजार रुपये शेंकडा तीननें घेतले होते. शेंकडा तीन म्हणजे महिन्याचे तीन, वर्षाचे छत्तीस! हा ‘महिन्याचे’ शब्द कोणी उच्चारीत नाहीं, आणि कोणी विचारीतहि नाहीं. महिन्याचें व्याज बरोबर दीड हजार होत होतें. आमची मदत त्या घराच्या चुलीपर्यंत कधीं पोंचलीच नव्हती. ती दारांतूनच सावकाराकडे वळत होती. चार वर्षांत बहात्तर हजार गेले, आणि मुद्दल जसेंच्या तसें उभें!

पुढें जें कळलें, त्यानें तर आमच्यांतील कांहीं जण रागावलेच. बाईंची साठ हजारांची ठेव बँकेंत होती. तिजवर शेंकडा सहा, वर्षाकाठीं तीन हजार सहाशें रुपये व्याज मिळे. आणि दुसऱ्या हातानें त्या वर्षास अठरा हजार देत होत्या. आपणांस फसविलें, असें एका गृहस्थांनीं बोलून दाखविलें. वस्तुतः फसवणूक कसली? ती ठेव पतीच्या निधनानंतर आलेल्या पैशाची, धाकट्या मुलीच्या नांवें मनांत राखून ठेवलेली. तिला हात लावणें त्या माउलीस पाप वाटत होतें. ठेव न मोडतां तिजवर कर्ज काढतां येतें, आणि त्याचा दर ठेवीच्या दराहून एकदोन टक्केच अधिक असतो, ही गोष्ट त्यांस कोणीं सांगितलेली नव्हती. आम्हीं तरी कोठें सांगितली होती? शेंकडा आठच्या दरानें पन्नास हजार काढून सावकाराचें देणें एकरकमी फेडलें. तोच दीड हजारांचा मासिक हप्ता आतां बँकेंत भरला जातो, आणि त्या हिशेबानें अडतीस महिन्यांत सर्व कर्ज फिटेल. ठेव जागच्या जागीं आहे. चार वर्षांच्या दानानें जें झालें नाहीं, तें एका संध्याकाळच्या त्रैराशिकानें झालें.

हा मार्ग नवा नाहीं. छोटा नागपूरच्या आदिवासी बांधवांस सावकारी पाशांतून सोडविण्यासाठीं जेझुइट फादर जॉन हॉफमन यांनीं 1909 सालीं कॅथॉलिक सहकारी पतसंस्था काढली. आपल्या वसईंत 1918 सालीं मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनीं पतपेढीचा पाया घातला, आणि तिचीच पुढें बँक झाली, हें येथें सांगावयास नको. परंतु आम्हांस विशेष उपयोगी वाटलें तें कॅनडांतील फादर मोझेस कोडी यांचें काम. नोव्हा स्कोशिया प्रांताच्या किनाऱ्यावरील कोळी जाळीं, दोर, पीठ हें सर्व व्यापाऱ्याकडून उधार घेत, आणि पकडलेली शेवंड त्यासच, तो म्हणेल त्या भावानें, देत. 1928 सालीं अँटिगोनिश येथील सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठानें लोकशिक्षणाचा विभाग काढून फादर कोडी यांस त्याचा संचालक नेमलें. त्यांनीं आरंभीं पैसा वांटला नाहीं कीं पेढीहि थाटली नाहीं. शेजारच्या मूठभर माणसांनीं एकाच्या स्वयंपाकघरांत जमावें आणि आपला पैसा कोठून येतो व कोठें जातो याचा अभ्यास करावा, इतकेंच. पतपेढ्या आणि शेवंडांचे सहकारी कारखाने त्या अभ्यासामागून आले. आपलेकडे क्रम उलटा झाला. पेढी वडिलांनीं देऊन ठेविली, आणि पासबुक वाचण्याचें शिक्षण मात्र राहून गेलें.

कोणी म्हणतील, आतां घरोघरीं पदवीधर आहेत. पदवीधरांचेंच सांगतों. बारा हजारांचें कर्ज, दरसाल दर शेंकडा बारा, बारा हप्ते. व्याज किती, म्हणून आम्हीं तरुणांच्या बैठकींत विचारलें. सर्वांनीं एक हजार चारशें चाळीस सांगितलें. मुद्दल दरमहा एक हजारानें घटत जातें, आणि उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरलें तर तें सातशें ऐंशीच होतें, हें कोणाच्याहि ध्यानांत आलें नाहीं. जो पूर्ण रकमेवर अखेरपर्यंत व्याज धरतो, तो बारा म्हणून बाविसांच्या घरांत व्याज घेतो. ज्यांनीं वाडी विकून एकदम मोठी रक्कम हातीं घेतली, त्यांची गोष्ट तर याहून बिकट आहे. पैसा दुप्पट करून देणारे त्यांच्या दारीं सर्वांआधीं येतात.

जामिनकीविषयीं थोडें अधिक सांगणें अवश्य आहे, कारण आपल्या समाजांत भिडेस्तव सही करणें हा सद्गुण मानला जातो. 1872 च्या करारविषयक कायद्याप्रमाणें जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. वेगळा करार नसेल तर धनकोनें आधीं ऋणकोस गांठलेंच पाहिजे असें नाहीं. साडूच्या रिक्षाच्या कर्जास केलेली सही म्हणजे आपणच घेतलेलें कर्ज होय. ठेवीदारांसहि एक आंकडा ठाऊक हवा. 2019 च्या सप्टेंबरांत मुंबईंतील एका मोठ्या सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हां आरंभीं खातेदारांस केवळ एक हजार रुपये काढतां येत होते. त्यानंतर, 2020 च्या फेब्रुवारींत, ठेवविम्याची मर्यादा एक लाखावरून पांच लाखांवर गेली. ही मर्यादा एका बँकेंतील एका ठेवीदाराच्या सर्व ठेवी मिळून असते, दर पावतीस नव्हे.

तेव्हां मंडपाच्या खर्चांतून जें उरलें, त्यांतून ही शाळा सुरू करण्यास धर्मगुरूंनीं अनुमति दिली आहे. आमचा एक नियम मात्र कडक राहील: विमा, जमीन किंवा ठेवयोजना विकणारा कोणीहि गृहस्थ, तो आमचा सख्खा भाऊ असला तरी, येथें शिकविणार नाहीं. दुसरें असें कीं, कोणाचेंहि कर्ज वर्गांत उघड वाचलें जाणार नाहीं. ज्यास संकोच वाटेल त्याच्या घरीं आम्ही दोघे दोघे येऊं. नवरा बायको दोघांनींहि यावें. एकट्या पुरुषांस आम्ही परत पाठवूं, कारण बाजारांतून फुलांची टोपली रिकामी करून येणारी बाई घरांतील सर्वांत पक्की हिशेबनीस असते, आणि कर्जाच्या कागदाची बातमी तिलाच सर्वांशेवटीं लागते.

पहिला वर्ग येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या खालच्या खोलींत भरेल. पासबुक, असेल तर कर्जाचा एक कागद, आणि पेन्सिल आणावी. मोबाईलवर आलेला गुप्त आंकडा मात्र आम्हांसहि दाखवूं नये. आणि ज्यांस चष्मा आहे त्यांनीं तो विसरूं नये, कारण कर्जाच्या कागदावरील बारीक अक्षरांपासूनच आम्ही आरंभ करणार आहों.