नेट स्लो आहे, पण नेमकं कुठे?

(हा ताज्या भागाचा लेखी मजकूर. ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं, त्यांच्यासाठी. बोलण्यातली अडखळ काढली आहे, बाकी जवळजवळ तसंच ठेवलंय.)



आज खरं तर बॅकअपवर बोलायचं ठरलं होतं. पण गेले तीन आठवडे माझ्याच घरात जे चाललं होतं ते आधी सांगून टाकतो. विषय आहे वायफायचा वेग. आणि तोही साध्या राउटरचा नाही, तर एका जागेवरून सगळं चालवता येतं अशा वायफायचा.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमीच्या घरात एकच डबा असतो, तोच सगळी कामं करतो. या दुसऱ्या पद्धतीत कामं वाटलेली असतात. फायबरवाल्याचा डबा, म्हणजे ओएनटी. त्यापुढे आपला गेटवे. त्यापुढे स्विच. स्विचमधून केबल निघून छतावर लावलेल्या ॲक्सेस पॉइंटपर्यंत जाते, आणि वायफाय तिथून मिळतं. या सगळ्यांवर एक कंट्रोलर बसलेला असतो. मोबाइलवर ॲप उघडलं की घरातलं प्रत्येक यंत्र आणि जोडलेला प्रत्येक फोन दिसतो. युनिफाय, ओमाडा ही नावं तुम्ही ऐकली असतील. मुळात हे ऑफिस आणि हॉटेलांसाठीचं सामान, पण आपल्यासारखे हौशी लोक घरात आणतात. माझ्याकडे कुठलं आहे ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. कोणाचा होता ते पुढे कळेलच.

आमचं नाशिकला रो हाउस आहे. खाली हॉल, वर दोन खोल्या आणि मध्ये पॅसेज, त्याच्यावर गच्चीची खोली. ॲक्सेस पॉइंट तीन : हॉल, पॅसेज, गच्ची. प्लॅन ३०० एमबीपीएसचा.

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि त्या सध्या आमच्याकडे आहेत. म्हणून बायकोनं पुण्याचं ऑफिस सोडून नाशिकहून काम करायची परवानगी मागून घेतली. आणि नेमके तेव्हाच तिचे कॉल अडकायला लागले. समोरचा बोलतोय, ओठ हलतायत, आवाज नाही. मग एकदम चार वाक्यं एकत्र. दुसऱ्या आठवड्यात तिच्या मॅनेजरनं गोड शब्दांत सांगितलं, की घरी नेट नीट नसेल तर पुण्यालाच या. म्हणजे माझ्या छंदापायी घराची घडी विस्कटायची वेळ आली होती.

मी काय केलं? पहिली चूक. ॲप उघडलं. सगळं हिरवं. "वायफाय अनुभव ९८ टक्के." म्हटलं, आपल्या बाजूनं सगळं ठीक, चूक फायबरवाल्याचीच. तक्रार केली. एक मुलगा आला. त्यानं लॅपटॉप थेट ओएनटीला केबलनं जोडला आणि ३१० दाखवले. म्हणाला, "काका, लाइन क्लिअर आहे. आतली वायरिंग बघून घ्या." मी त्याला ऐकवलं, की अरे, मी हेच काम करतो, मला वायरिंग शिकवू नकोस. त्याला आणखी दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा तेच आकडे, आणि दोन्ही वेळा माझा आवाज चढलेला.

दुसरी चूक. मग मी सेटिंगमध्ये हात घातला. एकाच संध्याकाळी पाच बदल. तिन्ही ॲक्सेस पॉइंटची पॉवर "हाय" केली. चॅनेलची रुंदी ८० वरून १६० मेगाहर्ट्झ केली. फास्ट रोमिंग चालू. कमकुवत सिग्नलवाल्यांना बाहेर काढायचं सेटिंग चालू. चॅनेल ऑटोवर. आणि "लागू करा" दाबलं. कंट्रोलरची गंमत ही, की एक बटण दाबलं की बदल अख्ख्या घराला लागू होतो. तिन्ही ॲक्सेस पॉइंटचं वायफाय एकदम गेलं. वरून आवाज आला, "तू परत ते ॲप उघडलंस ना?" तिचा क्लायंटबरोबर कॉल चालू होता.

त्या रात्री मी सगळं जुन्या जागी नेलं, फक्त हॉलची पॉवर "हाय"वरून उतरवायची राहिली. ती का महत्त्वाची, ते सांगतो. आणि एक वही घेतली.

आता या भागातलं खरं काम. "नेट स्लो आहे" हे वाक्य निदानासाठी काहीच उपयोगाचं नाही. नळाला पाणी कमी आलं तर प्लंबर आधी टाकी बघतो, मग व्हॉल्व्ह, मग पाइप, शेवटी नळ. आपण मात्र थेट नळ पिळत बसतो. वेग नेमका कुठल्या सांध्यावर पडतो ते शोधायचं. एका वेळी एक सांधा.

पहिला सांधा, ओएनटी. लॅपटॉप केबलनं जोडला : ३१०. दुसरा सांधा, गेटवेच्या मागे, पुन्हा केबलनं : ३०५. इथं जर आकडा निम्म्यावर आला असता, तर गेटवेमधली सुरक्षा तपासणी किंवा ट्रॅफिकचं वाटप करणारं सेटिंग तपासलं असतं. लहान गेटवेचा प्रोसेसर प्रत्येक पॅकेट उघडून बघायला लागला की दमतो. माझ्याकडे तसं नव्हतं. तिसरा सांधा, स्विच : ३०५. म्हणजे इथपर्यंत टाकी भरलेली.

मग हवेतली चाचणी. पण कुठेही उभं राहून नाही. प्रत्येक ॲक्सेस पॉइंटच्या बरोबर खाली, दोन मीटरवर, ५ गिगाहर्ट्झवर. हॉलमध्ये २८०, २९५, २७०. पॅसेजमध्ये ९४. परत केली, ९३. परत, ९४. परत, ९४.

मंडळी, हा आकडा लक्षात ठेवा. हवा कधी इतकी शिस्तीत वागत नाही. वायफायचा आकडा हलतो, नाचतो. पुन्हा पुन्हा ९४ येत असेल तर समजायचं, की कुठेतरी १०० एमबीपीएसची तार आहे. इथरनेटच्या १०० मधून वरचा खर्च वजा जाता हातात साधारण ९४ च पडतात. गिगाबिट तार असेल तर तोच आकडा साधारण ९४० असतो.

हे का होतं? केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात. १०० एमबीपीएसला दोनच पुरतात, केशरी आणि हिरवी. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी तुटली, तरी पुष्कळ यंत्रं कुरकुर न करता १०० वर उतरतात. वीजही त्याच केबलमधून जाते, पण तिला उरलेल्या जोड्या पुरतात. त्यामुळे ॲक्सेस पॉइंटचा दिवा चालू, ॲपमध्ये हिरवं, कनेक्शन अखंड, आणि वेग मात्र तिसरा हिस्सा.

कंट्रोलर ही माहिती लपवत नाही बरं का. स्विच उघडा, पोर्ट्समध्ये जा, प्रत्येक पोर्टपुढे लिंक स्पीड लिहिलेला असतो. माझ्याकडे दोन पोर्टवर १००० होतं आणि पॅसेजच्या पोर्टवर १००. दहा सेकंदांचं काम होतं. तीन आठवडे मी त्या पानावर गेलोच नव्हतो, कारण पहिल्या पानावर ९८ टक्के लिहिलं होतं. तो आकडा फोन आणि ॲक्सेस पॉइंटमधल्या हवेचा होता. मागच्या तारेची चौकशी त्यात नव्हती.

आता कबुली. दिवाळीआधी रंगकाम झालं तेव्हा पॅसेजमधला ॲक्सेस पॉइंट काढला होता. केबलचा जॅक तुटला होता. नवा जॅक मी स्वतः बसवला. क्रिंपिंगचं हत्यार माझं, आठ तारा लावणारा हात माझा. जॅक कापून बघितला तर तपकिरी तार टोकापर्यंत पोचलीच नव्हती. "आतली वायरिंग बघून घ्या." त्या मुलानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

नवा जॅक लावला. पोर्टवर १००० आलं. पॅसेजखाली २८५. मी विजयी मुद्रेनं बायकोच्या खोलीत गेलो. ती म्हणाली, "छान. कॉल अजून अडकतोय."

आणि इथं मला दुसरी गोष्ट कळली. व्हिडिओ कॉलला लागतात जेमतेम तीन-चार एमबीपीएस. ९४ सुद्धा भरपूर झाले. म्हणजे डाउनलोड हळू होणं आणि कॉल अडकणं हे दोन वेगळे आजार होते. आम्ही दोघंही त्यांना एकाच नावानं हाक मारत होतो.

तिच्या टेबलावर चाचणी केली : ४०, १२, ५५, ८. हा नाच हवेचा. मग कंट्रोलरमध्ये तिचा लॅपटॉप उघडला. जोडलेला कुठे? हॉलला. सिग्नल उणे ७६ डीबीएम. पॅसेजचा ॲक्सेस पॉइंट तिच्या दारापासून पाच मीटरवर, आणि लॅपटॉप स्लॅबच्या खालच्या हॉलला चिकटून बसलेला. एक मोजमाप सांगून ठेवतो. उणे ५० च्या आसपास उत्तम, उणे ६७ पर्यंत कॉलसाठी चांगलं, उणे ७५ च्या पलीकडे गेलं की पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवावी लागतात आणि आवाज तुटतो.

हॉललाच का चिकटला? कारण रोज सकाळी ती आईबरोबर हॉलमध्ये चहा घेते, तिथेच लॅपटॉप उघडते, आणि मग वर जाते. कुठल्या ॲक्सेस पॉइंटवर राहायचं, हे शेवटी लॅपटॉप ठरवतो. कंट्रोलर फार तर सुचवतो. आणि मी हॉलची पॉवर "हाय" करून ठेवलेली, म्हणून वरपर्यंत हॉलचा आवाज खणखणीत. लॅपटॉपला वाटतं, ऐकू येतंय की, कशाला सोडू? पण त्याचा स्वतःचा आवाज लहान. तो काही स्लॅबमधून खाली नीट पोचत नाही. लाउडस्पीकरवरून बोलणाऱ्या माणसाशी गर्दीतून गप्पा मारण्यासारखं झालं. त्याचं आपल्याला ऐकू येतं, आपलं त्याला येत नाही.

म्हणून उपाय उलटा होता. पॉवर वाढवायची नाही, कमी करायची. ५ गिगाहर्ट्झ मध्यम, २.४ कमी. २.४ वर चॅनेल १, ६ आणि ११ अशी वाटून दिली, कारण एकमेकांवर न चढणारी तीनच मिळतात. दुसऱ्या दिवशी चॅनेलची रुंदी ८० वरून ४० मेगाहर्ट्झ केली. रो हाउसला दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांचं वायफाय असतं. रस्ता जेवढा रुंद घ्याल तेवढी दुसऱ्याशी धडक जास्त. दोन अँटेनांच्या वायफाय ६ लॅपटॉपला ४० वर कागदोपत्री ५७४ मिळतात, हातात त्याच्या साधारण निम्मे ते साठ टक्के. आपला प्लॅनच ३०० चा. मग १६० हवेत कशाला?

हे सगळं एका दिवसात एकच बदल करून, वहीत लिहून. तारीख, काय बदललं, तीन ठिकाणचे तीन-तीन आकडे. आणि बदल रात्री दहानंतर, घरात विचारून.

दुसऱ्या सोमवारी लॅपटॉप चहानंतर वर गेला, जिन्यातच पॅसेजवर आला, उणे ५४. त्या दिवशी तिचे चार कॉल झाले. संध्याकाळी मी विचारलं, कसं होतं? ती म्हणाली, "काय कसं होतं?" नेटची यापेक्षा मोठी स्तुती नाही.

तिची परवानगी टिकली. सासूबाई आता वॉकर सोडून काठीवर आल्यात.

एक काम राहिलं होतं. तो मुलगा गेल्या आठवड्यात शेजारी जोडणी द्यायला आला होता. मी गेट उघडून बाहेर गेलो. म्हटलं, तुझं बरोबर होतं, वायर माझीच तुटली होती, मी उगाच बोललो तुला. तो हसला. म्हणाला, "दाखवा बरं, आता कसा लावलाय." वर येऊन त्यानं माझा नवा जॅक बघितला. "काका, बाहेरचं आवरण जॅकच्या आत गेलंच नाही. सगळा ताण तारांवर येतोय. हा पण निघेल." आणि खिशातून हत्यार काढून दोन मिनिटांत नीट करून दिला. पैसे घेतले नाहीत. चहा घेतला.

तर मंडळी, आज घरी एवढंच करा. कंट्रोलर उघडा, पण पहिल्या पानावर थांबू नका. स्विचच्या पोर्टचा लिंक स्पीड बघा. मग तक्रार करणारा माणूस जिथं बसतो तिथं जाऊन बघा, की त्याचं यंत्र कुठल्या ॲक्सेस पॉइंटला जोडलंय. या दोन नोंदी हातात आल्याशिवाय कुठलंही बटण दाबू नका, आणि कोणावर आवाजही चढवू नका.

बॅकअपचा भाग पुढच्या वेळी, नक्की. भेटू. नमस्कार.