वाघ दिसला का?

जयपूरला जाऊन आलेल्या माणसाला पूर्वी लोक हवामहालाविषयी विचारीत, आमेरच्या किल्ल्याविषयी विचारीत. घरातली मंडळी फार तर सांगानेरी चादरी कितीला पडल्या याची चौकशी करीत. अलीकडे या सगळ्यांच्या आधी दुसराच एक प्रश्न येतो : वाघ दिसला का? मुंबईहून जयपूरला जाणारी गाडी सवाई माधोपूरला थांबते. तेथे गळ्यात दुर्बिणी अडकवलेली काही मंडळी उतरतात. दोनतीन दिवसांनी तीच मंडळी जयपूरच्या जोहरी बाजारात भेटतात, तेव्हा उत्तर त्यांच्या चेहऱ्यावरच वाचता येते. वाघ दिसला असेल, तर तो किती पावलांवर होता, हे न विचारता सांगतात, आणि प्रत्येक वेळी सांगताना ते अंतर थोडे कमी होत जाते. दिसला नसेल, तर ‘किल्ला मात्र प्रेक्षणीय आहे हो’ असे म्हणून विषय बदलतात.

हा प्रश्न वरवर साधा आहे. पण रणथंभोरच्या अरण्याचा गेल्या शंभरएक वर्षांचा इतिहास पाहिला, तर तो निरनिराळ्या काळी निरनिराळ्या लोकांनी विचारलेला दिसतो, आणि प्रत्येकाच्या मनात त्याचा अर्थ वेगळा होता.

अरवली आणि विंध्य या दोन पर्वतरांगा जेथे एकमेकींना भेटतात, तेथे हे अरण्य आहे. मधोमध रणथंभोरचा किल्ला. हम्मीरदेव चौहानाने अल्लाउद्दीन खिलजीशी झुंज दिली आणि १३०१ मध्ये जो पडला, तोच हा किल्ला. अठराव्या शतकाच्या मध्यास तो मोगलांच्या हातून निसटू लागला, तेव्हा त्याच्यावर मराठी फौजांचाही डोळा होता. परंतु तो गेला जयपूरच्या सवाई माधोसिंगांकडे. त्यांनीच १७६३ मध्ये जवळ वसवलेले गाव म्हणजे सवाई माधोपूर. तेव्हापासून किल्ल्याभोवतीचे रान हे जयपूरच्या राजांचे राखीव शिकारीचे रान झाले. राजस्थानात शिकारीसाठी बांधलेल्या दगडी चौक्यांना ‘ओदी’ म्हणतात. जाड भिंती, त्यांत बंदुकीची नळी बाहेर काढण्यापुरती भोके, आणि समोर पाणवठा. जयपूर शहराला लागून असलेल्या झालाना डुंगरीच्या टेकड्यांतही अशी एक ओदी अजून उभी आहे.

शिकारीचे रान म्हटले की आज आपण नाक मुरडतो. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. राजाला वाघ मारायचा होता, म्हणूनच इतरांना तेथे कुऱ्हाड चालवता येत नव्हती. आजूबाजूची रानेच्या राने शेतीखाली गेली, कोळशाच्या भट्ट्यांत गेली. हे एवढे उरले, ते एका माणसाच्या हौसेपायी. कान्हा, सरिस्का, बांदीपूर यांची कथाही फारशी निराळी नाही. ज्यांनी वाघ मारले, त्यांच्याच बंदोबस्तामुळे वाघाचे घर शाबूत राहिले, हा योगायोग गमतीचा खरा, पण त्याबद्दल शिकाऱ्यांचे आभार मानावेत असे मला वाटत नाही.

१९५५ मध्ये हे रान अभयारण्य म्हणून जाहीर झाले. राजघराण्याच्या शिकारी मात्र त्यानंतरही काही वर्षे होत राहिल्या. १९६१ च्या जानेवारीत इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ व त्यांचे पती प्रिन्स फिलिप हे जयपूरचे महाराज सवाई मानसिंग यांचे पाहुणे झाले. पाहुण्यांना वाघ दिसलाच पाहिजे, अशी व्यवस्था होती. हाकारे लावले गेले, वाघ मचाणाच्या टप्प्यात आणला गेला आणि फिलिप यांनी तो मारला. समोर निश्चल पडलेला वाघ आणि मागे उभे असलेले यजमान व पाहुणे, असे ते छायाचित्र पुढे जगभर गाजले. त्याच वर्षी वन्यजीवांच्या रक्षणासाठी एक जागतिक संस्था स्थापन झाली, आणि तिच्या ब्रिटिश शाखेचे पहिले अध्यक्ष झाले हेच प्रिन्स फिलिप!

त्या शिकारीची व्यवस्था पाहणाऱ्यांत वनखात्यात नुकताच रुजू झालेला एक तरुण होता. त्याचे नाव फतेहसिंह राठोड. १९७२ च्या गणनेत देशात जेमतेम अठराशे वाघ उरल्याचे आढळले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. त्याचे पहिले संचालक कैलास सांखला हेही राजस्थानचेच. पहिल्या नऊ अरण्यांत आपला मेळघाट होता, तसेच रणथंभोरही होते. ज्याने पाहुण्यांपुढे वाघ आणण्यास हातभार लावला होता, त्याच राठोडांवर आता वाघाला माणसांपासून दूर ठेवण्याचे काम आले.

त्या वेळी रणथंभोरच्या आत गावे होती. शेते होती, विहिरी होत्या, शेकडो गुरे चरत होती. १९७६ ते १९७९ या काळात अशी बारा गावे उठवण्यात आली. बाहेर जमीन मिळाली, घरे मिळाली; एका नव्या गावाला कैलासपुरी हे नाव मिळाले. पण वाडवडिलांच्या देवळाकडे पाठ फिरवून बैलगाडीत बसणे म्हणजे काय, हे कोयनेच्या किंवा पानशेतच्या धरणापायी गाव सोडलेल्या आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. पुढे चराईवरून तंटे वाढले. १९८१ मध्ये राठोडांवर गावकऱ्यांच्या जमावाने हल्ला केला आणि ते मरता मरता वाचले. वाघ वाचवणाऱ्यांचे कौतुक आपण मोकळ्या मनाने करतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्या कौतुकाची किंमत ज्यांनी मोजली, त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत.

गावे गेली, आणि एक नवल घडले. गवत वाढले, चितळे वाढली, तळी शांत झाली. जो वाघ केवळ रात्री, चोरासारखा वावरत होता, तो भर दिवसा पदम तलावाच्या काठाने चालू लागला. १९८० मध्ये रणथंभोर राष्ट्रीय उद्यान झाले. दिवसा दिसणारा वाघ ही त्याची ख्याती झाली, आणि आपला आजचा प्रश्न जन्माला आला तो तेथे.

आता हे वाघ पाहणे कसे असते, ते सांगतो. रानाचे दहा विभाग पाडले आहेत. सकाळी एक आणि दुपारी एक, अशा दोन फेऱ्या. सहा माणसांची उघडी जिप्सी, नाही तर वीस माणसांची मोठी गाडी, जिला तेथे कँटर म्हणतात. हिवाळ्यात पहाटे निघावे, तर थंडीने दात वाजतात. धोक नावाचे झाड, आपल्या धावड्याचे भाऊबंद, चहूकडे उभे असते. ते थंडीत तांबूस होते आणि पट्टेरी जनावर त्यात असे मिसळते, की वीस हातांवर असूनही दिसू नये. म्हणून जाणता मार्गदर्शक डोळ्यांपेक्षा कानांवर भिस्त ठेवतो. झाडावर बसलेले वानर खोकल्यासारखा ‘खॉक’ असा आवाज काढते, चितळ तीक्ष्ण शीळ घालते. यांचे फारसे खरे मानू नये. ही मंडळी बिबट्या पाहूनही ओरडतात, आणि चितळ तर नुसत्या संशयानेही. पण सांबर सहसा वावगे बोलत नाही. पाय आपटून, शेपटी ताठ करून ते एकदा ‘ढाँक’ असे गरजले, की गाडीतील सगळ्यांचा श्वास अडकतो. मार्गदर्शक हात वर करतो. यंत्र बंद होते. मग जी शांतता पसरते, तीत मोराचे चालणेही ऐकू येते.

माझ्या मते त्या फेरीतील सर्वांत मोलाचा भाग हाच. वाघ दिसो वा न दिसो, त्या काही क्षणांत शहरातला माणूस रानाच्या बातमीपत्राचा वाचक होतो. दुर्दैवाने हे क्षण फार टिकत नाहीत. पलीकडच्या वळणावर वाघ निघाल्याची वार्ता पसरते, गाड्या उधळतात, पाच मिनिटांत दहा गाड्या आणि एक वाघ, असा देखावा तयार होतो. वाघ बहुधा पाहतही नाही. तो रस्त्याने चालत राहतो आणि गाड्या मागे सरकत राहतात, लग्नाच्या वरातीसारख्या.

या वरातीची सर्वांत प्रसिद्ध नायिका म्हणजे ‘मछली’. गालावर माशासारखी खूण, म्हणून हे नाव. तळ्याकाठची ही वाघीण मगरीशी लढली आणि तिची छायाचित्रे जगभर गेली. तिच्या नावे टपालखात्याने खास पाकीटही काढले. म्हातारपणी तिचे सुळे पडले, तेव्हा वनखात्याने तिला भक्ष्य पुरवले. १८ ऑगस्ट २०१६ रोजी ती वारली आणि तिच्यावर रीतसर अग्निसंस्कार झाले. लोक हळहळले, ते खरेच हळहळले.

आता थोडे उत्तरेला सरिस्काकडे जाऊ. जयपूर-दिल्ली वाटेवरचे, अलवरच्या राजांचे हे जुने शिकारीचे रान. येथेही व्याघ्रप्रकल्प होता, येथेही प्रवासी येत. २००४ मध्ये तेथे सोळा-अठरा वाघ असल्याचे कागदोपत्री नमूद होते. ही मोजणी पंजाच्या ठशांवरून होई. २००५ च्या जानेवारीत वृत्तपत्रात बातमी आली, की सरिस्कात वाघ दिसत नाहीत. शोध घेतला, तो एकही वाघ उरला नव्हता. चोरट्या शिकाऱ्यांनी सारे संपवले होते. वाघ दिसला का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर कितीतरी दिवस ‘नाही’ असे होते. पण ते उत्तर कागदावर उतरत नव्हते. प्रवाशाला वाटे, आपले नशीब खोटे. आणि वरच्यांना वाटे, ठसे तर आहेत!

त्या प्रकरणानंतर देशातील मोजणीची रीतच पालटली. ठशांऐवजी झाडांना बांधलेले कॅमेरे आले. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. त्यावरून एकेक वाघ ओळखता येतो. या रीतीने २००६ मध्ये १,४११ वाघ असल्याचा अंदाज निघाला आणि देश हादरला. २०२२ च्या गणनेत तो आकडा ३,६८२ पर्यंत पोचला. सरिस्कात २००८ च्या जूनमध्ये हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने रणथंभोरचा पहिला वाघ नेऊन सोडण्यात आला. त्याचा २०१० मध्ये विषप्रयोगाने अंत झाला. तरीही प्रयत्न सोडला नाही, आणि आज तेथे चाळीसहून अधिक वाघ आहेत. म्हणजे वाघ पाहणे हे निव्वळ करमणुकीचे काम नाही. पाहणारा डोळा पहाराही करू शकतो. मात्र न दिसलेलेही ‘दिसले नाही’ म्हणून सांगण्याची त्याची तयारी हवी.

उलट, दिसलाच पाहिजे या हट्टाचे काय होते, तेही रणथंभोरनेच दाखवले. २०२५ मध्ये एप्रिल ते जून एवढ्या अवधीत किल्ल्याच्या परिसरात वाघांच्या हल्ल्यांत तीन माणसे दगावली. त्यांत त्रिनेत्र गणेशाच्या दर्शनाहून परतणारे सात वर्षांचे एक मूल होते आणि एक वनाधिकारीही होता. एका आजारी वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना काही काळ आयते जिवंत भक्ष्य देण्यात येत होते; त्यामुळे वाढत्या बछड्यांना माणसाचे भय उरले नसावे, असे अनेक जाणकारांनी म्हटले. पूर्वी मचाणासमोर रेडकू बांधीत, ते वाघाला मारण्यासाठी; येथे हेतू दयेचा होता. वाघाला हेतू कळत नाही. त्याला एवढेच कळते, की माणसाचा वास आला की मागोमाग अन्न येते. प्रसिद्धी पावलेल्या वाघाला नैसर्गिक मरण येऊ द्यायला आपले मन धजत नाही, याचे कारण आपण त्याला नाव दिलेले असते. मछलीच्या वेळी ते खपून गेले. येथे बछडी होती.

२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यात प्रवाशांना काही महिने मज्जावच केला होता. पुढे तो उठला, पण गाभ्याच्या एक पंचमांशाहून अधिक भाग पर्यटनासाठी वापरू नये, असा दंडक आला. मला हा तोडगा रास्त वाटतो. प्रवासी अजिबात नकोत, असे म्हणणाऱ्यांना सरिस्का दाखवावे. आणि वाटेल तितके येऊ द्या, असे म्हणणाऱ्यांना सुटीच्या दिवशी तळ्याकाठची ती वरात दाखवावी. शिवाय सवाई माधोपूरच्या कितीतरी घरांची चूल या गाड्यांवर पेटते. ज्या गावांनी रान सोडले, त्यांच्या नातवांपैकी कोणी आज जिप्सी हाकत असेल, तर त्याच्या हातचे हे काम काढून घेण्यापूर्वी शंभरदा विचार करावा.

ज्यांना रणथंभोरपर्यंत जाणे जमत नाही, त्यांनी जयपुरातच झालानाला जावे. तेथे वाघ नाही, बिबट्या आहे. टेकडीवर बसला तर मालवीयनगरच्या घरांचे दिवे त्याला दिसतात. आपल्याला तो दिसेल, याची खात्री कोणी देत नाही.

रणथंभोरच्या मुख्य भागाचे दरवाजे जुलै ते सप्टेंबर बंद असतात. धोक हिरवेगार होते, रस्ते ओढ्यांत बुडतात, तळी भरतात आणि सांबरे पोटापर्यंत पाण्यात शिरून कमळाचे देठ खातात. चोरट्या शिकाऱ्याला हे दिवस सोयीचे, कारण रान दाट असते आणि पाहणारे कोणी नसते. म्हणून वनरक्षक या दिवसांत भिजत, पायी गस्त घालतात. चिखलात पंजाचा ठसा दिसला, की थांबतात. नराचा की मादीचा, ताजा की कालचा, कोणत्या दिशेला गेला, ते ओल्या बोटांनी वहीत लिहितात. वाघ प्रत्यक्ष पाहिल्याची नोंद त्या वहीत क्वचितच असते.